झाकणाला तडा

रविवार, ७ मार्च २००४

आत्याचं पार्सल आलं. तिच्या चर्चमधला एक माणूस लीड्सहून सुट्टीवर आलाय, त्याच्या हाती पाठवलं. दोन स्वेटर (कंपालात स्वेटर घालून भाड्याची बोडा मोटरसायकल चालवली तर लोक मला वेड्यात काढतील), साबणाच्या वड्या, आणि सगळ्यात खाली मोज्यांमध्ये गुंडाळलेलं गाण्यांचं यंत्र. बशीएवढं, चंदेरी. साध्या सीडी चालतातच, शिवाय कॉम्प्युटरवर भरलेली एमपीथ्रीची सीडी घातली की एका चकतीत दीडशे गाणी. आत्या तिथे म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. तिथल्या एका आजोबांचं हे होतं. ते वारले, त्यांच्या मुलीने आत्याला दिलं, आत्याने मला. चिठ्ठीत लिहिलंय, आजोबा रोज दुपारी हे ऐकत झोपायचे, जपून वापर.

सेल घातले, लागलं. आत आजोबांचीच सीडी राहिली होती, बायकांचा घोळका काहीतरी गातोय. एक शब्द कळला नाही. खाटेवर पडून सगळी ऐकली.

बुधवार, १० मार्च

वापरून पाहिलं. चांगलं ते आधी लिहितो. खड्ड्यात गाडी आदळली तरी गाणं तुटत नाही. स्टँडवरच्या मायांजाकडे पूर्वी साधं सीडीचं होतं, ते नातेतेच्या चौकातच उचकी लागल्यासारखं करायचं. हे म्हणे पुढचं गाणं आधीच पोटात भरून ठेवतं. फक्त रेल्वेच्या रुळांवर एकदा अडखळलं. वाईट म्हणजे सेल फार खातं. आणि बंद करून परत चालू केलं की पहिल्या गाण्यापासून सुरू, मधलं हवं तर बटण दाबत बसा.

ट्यूबच्या रबराची पिशवी शिवून घेतली, छातीवर बांधतो. एक कान गाण्याला, एक रस्त्याला. मागचं गिऱ्हाईक विचारतं काय ऐकताय, मग दुसरी दोरी त्याच्या कानात. आज दोन बायका तेवढ्यासाठी दुसऱ्यांच्या गाड्या सोडून माझ्या गाडीवर बसल्या.

आमचा न्देबाचा स्टँड मसाका रस्त्यावर, लाकडाच्या वखारींना लागून. दिवसभर करवतींची किंचाळी आणि नाकात भुसा. तिथे कानात गाणं म्हणजे चैनच. स्टँडचा चेअरमन न्सेरेको, पन्नाशीचा माणूस, त्याने एक गाणं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, लुब्वामा, तू आता साहेब झालास. मायांजा म्हणाला, साहेब कसला, कानाला दोरी बांधलेला बोकड आहे. आमच्यातलाच चेयुने यंत्र मागून घेतो आणि परत द्यायला विसरतो.

गुरुवार, ११ मार्च

दुपारी गाडीवर बसून अंड्याची चपाती खात होतो. हात तेलकट म्हणून यंत्र हँडलला अडकवलेलं. माझ्याच वयाचा एक जण, निळा शर्ट, पत्ता विचारायच्या निमित्ताने जवळ आला आणि पिशवी हिसकावून पळाला. मी 'चोर, चोर' ओरडलो. न्देबात हा शब्द एकदा तोंडातून गेला की मागे कोण येतंय ते बघावं लागत नाही. चेअरमन, मायांजा, चेयुने, वखारीतले हमाल, सगळे धावले. तो वखारींमधल्या बोळात शिरला. पुढे फळ्यांची थप्पी, वाट बंद.

तो वळला. धापा टाकत होता. पिशवी त्याने माझ्यापुढे धरली आणि म्हणाला घ्या, तुमचं घ्या. मी घेतली. तेवढ्यात चेअरमनने थप्पीतली पट्टी ओढून त्याच्या गुडघ्यावर घातली. तो खाली बसला. मग मायांजाचा लोखंडी पाइप. त्याचा आवाज लाकडापेक्षा वेगळा येतो, ओलसर. तो माझ्या पायांना मिठी मारायला आला, माझा तोल गेला, यंत्र पिशवीतून निसटलं आणि कुणाचा तरी बूट त्यावर पडला. उचलून बघतो तर झाकणाला मधोमध तडा. घरात येऊन चारच दिवस झाले होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मीही फळी उचलली आणि त्याच्या पाठीत घातली, मानेत घातली. किती ते आठवत नाही. फळीला खिळा होता हे मागाहून दिसलं.

मग तो हलेना. एक डोळा उघडा, त्यात भुसा. हमाल एकेक करून पांगले. बंद पडलेली करवत पुन्हा सुरू झाली.

घरी येऊन झाकणाला काळी चिकटपट्टी लावली. वाजतंय. एवढं होऊनही वाजतंय, बाहेरची वस्तू ती बाहेरचीच.

शनिवार, १३ मार्च

पोलिसांनी काल मढं उचलून नेलं. विचारलं, कुणी मारलं. कुणीच काही पाहिलं नव्हतं. चेअरमनने आम्हा सगळ्यांना आल्याचा चहा पाजला आणि सांगितलं की हा विषय इथेच संपला.

आज किल्ली गाडीलाच ठेवून जेवायला गेलो. परत आलो तर जशीच्या तशी. आता आमच्या स्टँडवर कुणाची हात लावायची छाती होणार नाही.

शर्टाचा डाग निघत नाही. घरमालकीण म्हणाली लिंबू चोळ.

सोमवार, १५ मार्च

सकाळी एक बाई आली. गावाकडची बस उतरून थेट. काखेत सालकापडाची वळकटी. झाडाच्या सालीचं ते तांबूस कापड आम्ही एकाच कामाला नेतो, मढं गुंडाळायला, त्यामुळे मी काही विचारलं नाही. म्हणाली मुलागो इस्पितळाच्या शवागारात सोडा. स्टँडवर आम्ही पाच जण होतो, ती सरळ माझ्याकडे आली.

रस्त्यात वळकटी आमच्या दोघांच्या मध्ये होती. सालीचा वास येत होता, जुन्या पावसासारखा. अर्ध्या वाटेत तिने सांगितलं की तिच्या धाकट्या भावाला न्देबात मारलंय, वखारीजवळ, कसल्याशा गाण्यांच्या यंत्रापायी. नाव कियागा. गाडी एका पिकअपला घासता घासता राहिली.

शवागाराच्या दाराशी ती उतरली आणि पैसे देताना तिने माझ्या छातीकडे बघितलं. विचारलं, याचं झाकण कशाने फुटलं. मी म्हणालो पडलं. ती म्हणाली, पडलं की कोपरा फुटतो, हे मधून फुटलंय. मग आत गेली. बाई हुशार दिसते.

बुधवार, २४ मार्च

ती पुन्हा आली. नाव नालवोगा. भावाला पुरून परत आली आणि आता नातेतेत मावशीकडे राहून गोमेसी शिवायचं काम धरलंय, बायकांचे ते मोठ्या खांद्यांचे झगे. कापड आणायला रोज शहरात जायचं असतं. मलाच बोलावते.

आज माझ्याच्याने राहवलं नाही. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून सांगून टाकलं की ज्या यंत्रापायी तिचा भाऊ गेला ते हेच आणि त्याचा मालक मी. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून बरं. तिने मांडीवरचं कापड नीट केलं. मग म्हणाली, तुमचं होतं, तुम्ही परत घेतलंत. राग नाही, रडणं नाही. पुढे तिने विचारलं की मग मारलं कुणी. मी खरं तेच सांगितलं. पहिली पट्टी चेअरमनने घातली, पाइप मायांजाचा. माझंही सांगितलं, की दोन-चार माझ्याही होत्या, पण तेव्हा तो जवळजवळ गेलेलाच होता. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत.

काय सुटल्यासारखं वाटलं. आज पहिल्यांदा पोटभर जेवलो. अशा बाईचा भाऊ चोर कसा निघाला कोण जाणे.

गुरुवार, १ एप्रिल

आता ती एक कान मागून घेते. गाण्यांतलं तिला फार काही लागत नाही, आवाज बारीक करायला लावते आणि बोलत राहते. मी कुठे राहतो, स्टँडवर कोण किती वाजता येतं, सगळ्यात आधी घरी कोण जातं. माझ्याशी असं कुणी कधी बोललं नव्हतं. मायांजाच्या गमती सांगितल्या, तो दारू पिऊन रोज रुळांच्या कडेने चालत घरी जातो आणि गुत्त्यातल्या बायकांना अजून पाइपची गोष्ट रंगवून सांगतो. ती हसली नाही. तिच्या भावाचीच गोष्ट ती, हसणार कशी. मी नको होतं सांगायला.

सोमवार, ५ एप्रिल

मायांजा गेला.

रुळांशेजारच्या गटारात सापडला. डोक्याची कवटी अंड्यासारखी दबलेली, दोन्ही हातांची बोटं ठेचलेली. खिशातले पैसे तसेच. आम्ही त्याला फळीवर घालून वर आणला तेव्हा चेयुनेला ओकारी झाली. मला झाली नाही. मी त्याचे बूट शोधत होतो. एकच सापडला.

पैसे घेतले नाहीत म्हणजे खुन्नस, असं चेअरमन म्हणाला. कुणाची असेल यावर स्टँडवर सकाळभर काथ्याकूट. तेव्हा मला आठवलं की मागच्या आठवड्यात चौकातल्या गिऱ्हाइकावरून मायांजाने नातेते स्टँडच्या सेरुंजोगीच्या कानाखाली काढली होती. मी ते बोललो. सगळे माझ्याकडे वळले आणि मग चेअरमन म्हणाला, अस्सं.

गुड फ्रायडे, ९ एप्रिल

चौकात दगडफेक. आमचे आठ, त्यांचे दहा. माझ्या कपाळाला चार टाके. मी एकाला गाडीवरून खाली ओढला आणि सायलेन्सरवर त्याचा हात दाबून धरला. कातडीचा वास अजून नाकात आहे. सेरुंजोगी आमच्यासमोर उभा राहून शपथा घेत होता की त्या रात्री तो आजारी बायकोपाशी होता. त्याच्या शपथेला कोण विचारतो.

संध्याकाळी नालवोगाने टाके बघितले आणि म्हणाली, तू जपायला हवंस. 'तू' म्हणाली. घरी येईपर्यंत यंत्र चालूच केलं नाही, तिचा तो शब्दच पुरला.

चेअरमनचीही चौकशी केली तिने. त्याला लागलं का, त्याची काळजी कोण घेतं. मी म्हणालो, तो वाघ आहे, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून एकटा अंगणात गाडी धुतो, बायकामुलं झोपलेली असतात. चांगला माणूस आहे, असंही सांगितलं.

मंगळवार, २० एप्रिल

चेअरमनला अंगणात कोयत्याने तोडलं.

त्याच्या बायकोच्या किंकाळ्या दोन गल्ल्या सोडून ऐकू आल्या. मी पोचलो तेव्हा तो गाडीला टेकून बसला होता, साबणाचं पाणी लाल झालेलं, डावा खांदा अंगापासून सुटा लोंबत होता. शुद्धीवर होता. मी गाडी काढली, चेयुनेने त्याला मागून धरलं, तिघं एका गाडीवर इस्पितळाकडे सुटलो. त्याचं डोकं माझ्या पाठीवर आपटत होतं. तो माझ्या कानाशी सारखं म्हणत होता, पोरांना आत घे, पोरांना आत घे. रेल्वे फाटकापाशी बोलायचा थांबला. चेयुने ओरडला, हाक तू, थांबू नकोस. मला कळलं होतं. तरी हाकली.

दोन माणसं होती, बायको सांगते. उंच, तोंडाला कापड. एकाने कोयता मारण्याआधी विचारलं, न्सेरेको तूच ना.

गाडीची सीट घासून धुतली. फोममध्ये मुरलंय, दाबलं की वर येतं.

शनिवार, २४ एप्रिल

चेयुने आता चेअरमन. बैठक झाली. सेरुंजोगीचं नाव सगळ्यांच्या तोंडी, माझ्याही. मी म्हणालो की जोवर तो फिरतोय तोवर आपल्यातला एकेक जाणार, पुढचा कदाचित मीच. वखारीतून पट्ट्या आणून ठेवल्यात. चेयुने म्हणाला, घाई नको, एकटा सापडू दे.

नालवोगाला हे सगळं सांगितलं. आज तिचं लक्ष नव्हतं. शिवणयंत्राच्या सुईखाली बोट आलं म्हणे, चिंधी बांधलेली. विचारलं, चेअरमनला मुलं किती. चार.

मंगळवार, २७ एप्रिल

नालवोगाने गावी बोलावलंय! म्पिगीच्या पुढे त्यांचं घर. येत्या शनिवारी. तिचे दोन मोठे भाऊ आहेत, ते म्हणतात तुझा तो बोडावाला आम्हाला एकदा बघायचाय. आमच्यात मुलीच्या घरचे असं बोलावतात त्याचा अर्थ कुणीही सांगेल. आत्याला लिहावं का? आधी जाऊन येतो. साखर, साबणाच्या वड्या (आत्याच्याच), भावांसाठी मीठ आणि चहापत्ती घेतली. नवी सीट बसवली. तिच्या आईसाठी एक सीडी भरून घेतली, जुनी चर्चची गाणी.

ती हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. लाजली असेल.

मंगळवार, ४ मे

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लागणार नाही. घरमालकीण इस्पितळात कपडे आणि वही देऊन गेली, परत येणार नाही म्हणाली.

शनिवारचं लिहितो.

सकाळी निघालो. ती मागे, साखरेची पिशवी मांडीवर. म्पिगी गेलं. पुढे रस्ता दलदलीतून जातो, दोन्हीकडे माणसापेक्षा उंच लव्हाळा. तिथे तिने खांद्यावर हात ठेवला आणि थांबायला सांगितलं. मला वाटलं पाणी हवं असेल. ती उतरली आणि पुन्हा 'तुम्ही'वर गेली.

"इथून मागे फिरा. घरी माझे भाऊ थांबलेत. केळीच्या बागेमागे खड्डा खणून ठेवलाय."

मी हसलो. खरंच हसलो.

"मायांजाला त्यांनी मारलं. चेअरमनला त्यांनी मारलं. कुठे, कधी, ते तुम्ही मला सांगत होतात आणि मी त्यांना. राहिलेले तुम्ही. मी पहिल्या दिवशी ते झाकण बघितलं आणि तुमच्या गाडीवर बसले."

गाडीला धरून उभा होतो. एवढंच विचारता आलं, की मग मला का सोडतेस.

ती लव्हाळ्याकडे बघत बोलली. "गेल्या आठवड्यात न्सेरेकोची बायको आली होती. सुतकाचा झगा शिवायला. तिला काय माहीत मी कोण. मी टेप लावला तर तिचं धाकटं पोर टेपचं दुसरं टोक धरून खेळायला लागलं. मला माप लिहिता येईना. तिला तीनदा वळायला लावलं, तरी येईना." मग म्हणाली, "दोघं गेले. आई अजून चटईवरून उठत नाही. तुम्हाला खड्ड्यात घातलं म्हणून उठेल असं आता मला वाटत नाही."

मी यंत्र काढून तिच्यापुढे धरलं. का ते माहीत नाही. तिने हात मागे घेतले.

"आणि एक. तुम्हाला मी एक दिवसही क्षमा केली नव्हती. चांगलं बोलत होते ते सगळं खोटं होतं. गोड समजूत करून घेऊन जाऊ नका."

साखरेची पिशवी रस्त्यात ठेवून ती चालत पुढे गेली. भावांना काय सांगणार, विचारायचं सुचलं नाही.

परत येताना मी यंत्र बंदच ठेवलं होतं. डोक्यात एकच घोळत होतं, की पोलिसात जावं तर ती लटकते, स्टँडवर सांगावं तर चेयुने ट्रक भरून माणसं म्पिगीला नेईल आणि त्या घरात आईसुद्धा आहे. न सांगावं तर काय, हा विचार मी केलाच नव्हता. त्याचं उत्तर न्देबात पोचल्यावर समोर आलं. वखारीच्या बोळाच्या तोंडाशी गर्दी. करवत बंद.

सेरुंजोगी एकटा सापडला होता.

गुडघ्यांवर होता, एक डोळा बाहेर आल्यासारखा, दात तोंडातून गळत होते. मी माणसं बाजूला सारत आत घुसलो आणि ओरडलो की याने नाही मारलं, मला माहीत आहे.

चेयुनेच्या हातात पाइप होता. मायांजाचाच. तो थांबला, सगळेच थांबले.

"मग कुणी?"

नाव माझ्या जिभेवर होतं. गाव होतं, केळीची बागसुद्धा. एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि सेरुंजोगी उरलेल्या डोळ्याने.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"आत्ता तर म्हणालास माहीत आहे."

"याने नाही, एवढं माहीत आहे."

"नाव सांग, नाहीतर बाजूला हो. हा तूच दाखवलेला माणूस आहे लुब्वामा."

ते खरंच होतं. मी सेरुंजोगीच्या अंगावर पडलो. दुसरं काही सुचलं नाही. वाटलं होतं माझ्यावर हात उचलणार नाहीत, आपली माणसं. पहिली पट्टी पडली तेव्हा मी चेयुनेला नावाने हाक मारली. दुसरीला दंडाचं हाड मोडलं, आवाज मला आतून ऐकू आला. मग मोजायचं सोडलं. तोंड त्याच्या मानेत खुपसून पडून राहिलो. तो खालून माझ्या शर्टाला धरून होता. कुणीतरी माझ्या छातीवरची पिशवी उपसून घेतली, पट्टा तुटेना म्हणून कापली. पोलिसांनी हवेत गोळ्या झाडल्या तेव्हा पांगले.

बुधवार, ५ मे

उजवा हात दोन जागी मोडलाय, तीन बरगड्या, एका कानाने ऐकू येत नाही. सेरुंजोगीचा डोळा गेला. वॉर्डात खाटा नाहीत, आम्ही दोघं जमिनीवर शेजारी शेजारी. त्याची बायको त्याच्यापाशी असते. माझं कुणी नाही हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं. रोज सकाळी बाहेर चुलीवर मक्याची पेज करते, त्याला भरवते आणि मग मला भरवते. काल माझं तोंड पुसताना म्हणाली, देवाने तुम्हाला त्या वेळी पाठवलं.

यंत्र चेयुनेच्या गळ्यात आहे, एक हमाल बघायला आला होता तो सांगत होता. रुळांवरही अडखळत नाही म्हणे.

शुक्रवार, ७ मे

काल सेरुंजोगीला पहिल्यांदा नीट बोलता आलं. वर छताकडे बघत त्याने विचारलं, "मी केलं तरी काय होतं?"

मी सांगितलं. आत्याच्या पार्सलपासून. कियागाने पिशवी पुढे धरली होती ती, माझी फळी, खिळा, मायांजा, चेअरमन. त्या बाईचं नाव आणि गाव सोडून सगळं. त्याची बायको भांडं घासत होती, तिचा हात थांबला.

मी संपवल्यावर त्याने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "म्हणजे माझं नाव पहिल्यांदा तू घेतलंस."

"हो."

"मला ओळखत होतास?"

"चौकात बघितलं होतं."

"बरं." मग बायकोला म्हणाला, "माझी चटई तिकडे खिडकीशी ओढ."

तिला एकटीला जड जात होतं. दुसऱ्या रुग्णाचा भाऊ उठला, दोघांनी मिळून ओढली. जमिनीवर त्याच्या घामाची ओली आकृती राहिली, ती दुपारपर्यंत वाळली.

आज सकाळी तिने पेज केली. त्याला भरवली, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. मग नळावर जाऊन भांडं धुतलं आणि भिंतीशी पालथं घातलं.